सोमवारचं धुणं

भांडण वर माळ्यावर चाललं होतं आणि एनिड स्टॅदर्स खाली जाळं विणत बसली होती. मासे धुरवायचं ते जुनं घर. धूर वर जावा म्हणून माळ्याच्या फळ्या मुद्दाम विरळ ठोकलेल्या. वर कुणी सुस्कारा टाकला तरी खाली ऐकू यायचा, मग भांडणाचं काय विचारता.

"लंडनच्या साहेबानं स्पष्ट सांगितलंय," हॅबर्ड कसायाचा थोरला म्हणत होता. "गाणं त्याला आवडलं, आपण आवडलो, पण ड्रमवर त्याचा माणूस बसणार. राल्फ नको."

"मग त्या साहेबाला म्हणावं, उडत जा!" हा गॉर्डन रे, गाणारा. "राल्फ नाही तर मीही नाही. विषय संपला."

"तुझा संपला रे! तुझा बाप गोदीवर मुकादम आहे. आम्ही काय जन्मभर हाडं तोडायची?"

"तोडा की. गाताना तसंही हाडंच तोडता तुम्ही दोघं."

काहीतरी धाडकन पडलं. राल्फचा आवाज मात्र येईना. एनिडच्या हातातली लाकडी सुई थांबली. राल्फ तिचा एकुलता एक. क्षणभर तिला वाटलं, शिडी चढून वर जावं आणि चौघांच्या एकेक ठेवून द्यावी. पण पोरांच्या भांडणावर चहासारखं औषध नाही, असं तिचं ठाम मत होतं. ती उठली, अंगण ओलांडून स्वयंपाकघरात गेली आणि किटली ठेवली. चार कप, तळलेला पाव, सगळं घेऊन ती परत आली तेव्हा वर चिडीचूप झालं होतं. राल्फनं शिडीवरून वाकून तबक घेतलं.

"मिटलं सगळं, आई."

"मिटलं ना? मग घ्या, गार होतंय."

फळ्यांच्या फटीतून दिसला तो गॉर्डन खिडकीबाहेर बघत होता. खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोर भिंत होती. हे एनिडच्या ध्यानात आलं, पण फार उशिरा. त्या भांडणाचा पुढचा अर्धा भाग ऐकायचा राहून गेला आणि तो राहिलेला अर्धा तिच्या मागं चाळीस वर्षं लागला.

हे त्रेसष्ट सालच्या जानेवारीतलं, इंग्लंडातल्या हल बंदराच्या हेसल रोडवरचं. त्या रस्त्याला लागलेल्या प्रत्येक गल्लीत घरटी एक माणूस मासेमारीच्या ट्रॉलरवर असायचा. तीन आठवडे समुद्रावर, तीन दिवस घरी. त्या तीन दिवसांत तो राजासारखा हिंडायचा आणि मग पहाटेच्या भरतीला निघून जायचा. निघताना बाईनं दारात उभं राहून हात हलवायचा नाही, नाहीतर लाट त्याला हलवत नेते. आणि त्या दिवशी घरात कपडे धुवायचे नाहीत. धुतले, तर माणूस डेकवरून धुतला जातो. हे कुणी कुणाला शिकवत नसे. आग भाजते हे कुठं शिकवावं लागतं?

एनिडचा नवरा आर्थर बोटीवर तांडेल होता, पण त्याला समुद्रानं नाही नेलं, सिगारेटनं नेलं. स्वतःच्या पलंगावर, खोकत खोकत. गल्लीतल्या बायका तिला म्हणाल्या, "नशीबवान गं तू, एनिड. पुरायला माणूस तरी आहे." राल्फनं बोटीचं नाव न काढता ड्रमच्या काठ्या हातात घेतल्या, तेव्हा एनिडला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. शेजारीण म्हणाली, "दिवसभर काय गं तो बडवत असतो?" तर एनिड म्हणाली, "बडवू दे. ड्रम वाजवता वाजवता कुणी बुडाल्याचं मी तरी ऐकलं नाही."

धुरवायच्या घराची किल्ली एनिडकडेच असायची, कारण खाली ती जाळी विणायची. वरचा माळा तिनं पोरांना दिला. गॉर्डन, राल्फ आणि हॅबर्डची दोघं. चिखलात लोळणाऱ्या ज्या प्राण्याचं कोळ्यांच्या घरात अपशकुन म्हणून नावसुद्धा घेत नाहीत, तोच हॅबर्ड कसाई दुकानात उलटा टांगायचा, म्हणून त्याची पोरं गल्लीतून जाताना बायका त्यांना मुद्दाम विचारायच्या, "काय रे, आज काय टांगलंय?" आणि पोरंही शहाणी, म्हणायची, "ते गुरगुरणारं, काकू!" या चौघांनी आपल्या बँडचं नाव ठेवलं 'स्पर्न लाइट्स', नदीच्या मुखाशी दीपस्तंभ आहे त्यावरून. वाजवून घरी गेली की अंगाला धुरवलेल्या हेरिंग माशांचा वास. गॉर्डन म्हणायचा, "आम्ही दिसायच्या आधी पोचतो."

त्यांचं पहिलं गाजलेलं गाणं त्या माळ्यावर जन्मलं, आणि त्याचा ठेका एनिडच्या सुईचा होता. सुई घाल, गाठ मार, मग सुतळी लांब ओढ. खट, खट, सर्र्र. राल्फ वर बसून ते ऐकायचा आणि ड्रमवर उतरवायचा. दोन आखूड, एक लांब. एकदा ती खालून ओरडली होती, "माझी नक्कल करतोस होय रे?" वरून उत्तर आलं, "तू हळू विणतेस, आई. जरा उरक!"

भांडणानंतरच्या सोमवारी सकाळी सहाला राल्फ पिशवी घेऊन निघाला. लंडनला जायची व्हॅन हॅबर्डच्या दुकानापासून सुटणार, असं त्यानं सांगितलं. एनिड दारात उभी राहिली आणि तिनं हात वर केला. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणाला तरी हात हलवून निरोप देता येत होता.

राल्फ कोपऱ्यावर वळून म्हणाला, "हात नको हलवूस, आई."

"अरे वेड्या, व्हॅननं चाललास तू, बोटीनं नाही!" ती हसली आणि तिनं दुसराही हात वर केला.

घरात येऊन बघते तर खुर्चीवर त्याचा कार्यक्रमाचा पांढरा शर्ट, निळ्या काठाचा. विसरला, म्हणाली. सोमवार म्हणजे धुण्याचाच दिवस, हंडा तापलेलाच होता. लंडनच्या लोकांनी नाक धरू नये म्हणून तिनं त्या शर्टाला दोनदा साबण लावला, खळखळून धुतला आणि दोरीवर टाकला. वाळला की पोस्टानं पाठवू.

दोन आठवड्यांनी खलाशांच्या मिशनचा माणूस गल्लीत आला. काळा कोट, हातात टोपी. हा माणूस आला म्हणजे कुणाचं तरी घर गेलं, हे शेंबड्या पोरालाही माहीत. सगळ्या खिडक्यांचे पडदे हलले. एनिडचा मात्र हलला नाही, तिचं कुणीच समुद्रावर नव्हतं. तो तिच्या दाराशी थांबला तेव्हा ती कळवळून म्हणाली, "नऊ नंबर असेल हो. त्यांचा बिल गेलाय." तो माणूस हलला नाही.

राल्फ फेरीबोटीनं नदीपार गेला होता. ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून ग्रिम्सबीहून 'सी थ्रिफ्ट' नावाच्या ट्रॉलरवर चढला होता. आइसलँडच्या वर थंडी अशी की दोरखंडावर बर्फ हाताएवढा चढतो. कुऱ्हाडीनं तोडत राहावं लागतं, नाहीतर बोट ओझ्यानं पालथी होते. ती झाली. वीस माणसं होती, एकही परत आलं नाही, हाडूकसुद्धा नाही.

गल्लीतलं कुणी एनिडला काही बोललं नाही. सूप आलं, पाव आला, शेजारणीनं कोळसा भरून दिला. पण त्या सोमवारी दोरीवर फडफडणारा शर्ट सगळ्यांनी पाहिला होता.

त्या उन्हाळ्यात गाणं आलं. खिडक्या उघड्या, घराघरांतून रेडिओ, आणि प्रत्येक रेडिओत दोन आखूड, एक लांब. वाजवणारा लंडनचा होता, ठेका राल्फचा. पुढं 'स्पर्न लाइट्स' अमेरिकेला गेले, जपानला गेले. त्यांचे केस वाढले, बंगले झाले, बायका बदलल्या. हॅबर्ड भावांनी एकमेकांवर फिर्याद केली आणि पुन्हा गळ्यात गळे घातले. दोनदा बँड मोडला, तीनदा जुळला. कुठल्या कुठल्या देशांतली पोरं हेसल रोड शोधत यायची, धुरवायच्या घराच्या दारावर बोटांनी ठेका धरायची आणि फोटो काढून जायची. स्वीडनच्या एका पोरीनं तर दाराचा मुका घेतला. एनिड म्हणाली, "बाई गं, तोंड धू. डांबर आहे ते."

पण एकटी विणायला बसली की वेगळं व्हायचं. खाली तिची सुई, खट, खट, सर्र्र, आणि वर रिकाम्या माळ्यावर तेच. तिनं हात थांबवला की वरचं एक ठोका उशिरा थांबायचं. ती वर बघायची नाही. म्हणायची, "मी हळू विणते, माहितीये मला." आणि पुन्हा सुई घालायची. पुढं जाळी यंत्रावर निघू लागली, मग बोटीच संपल्या, गोदीत गाळ भरला. ठेका मात्र नळातून, पन्हळीतून, बसची काच पुसणाऱ्या काठीतून येत राहिला.

तिनं सोमवारी धुणं सोडलं ते सोडलंच. शिवाय दर सोमवारी ती गल्लीत दारोदार फिरायची. "तुमचं कुणी निघालंय का आज? मग कपडे नकोत." बोटी संपल्यावर ती बस, आगगाडी, विमान, सगळ्यांसाठी विचारू लागली. दोन नंबरची पोरगी कॉलेजला निघाली, धुणं बंद. नवऱ्याला सोडून निघाली, तरी बंद. "त्या मेल्याचे कपडे तरी धुऊ दे गं," तिची आई म्हणाली. एनिड म्हणाली, "उद्या धू."

धुरवायच्या घरावर नगरपालिकेनं बँडच्या स्मरणाची निळी गोल पाटी लावली ती दोन हजार तीन साली. भाषणं झाली. पाटीवर चार नावं, चौथं लंडनवाल्याचं. कार्यक्रम आटोपला आणि गॉर्डन रे मागच्या दारानं एनिडच्या स्वयंपाकघरात आला. साठीचा माणूस, केस काळेभोर, इतके काळे की आईलासुद्धा खरे वाटू नयेत. चाळीस वर्षांत तो या घराची पायरी चढला नव्हता. तिनं त्याच्यासमोर बटाट्याची गरम पॅटी ठेवली.

"काकू, मला तुम्हाला..."

"आधी खा."

त्यानं दोन घास घेतले. मग तीच म्हणाली, "मी चहा ठेवायला गेले. पुढं काय झालं?"

त्याला सांगावंच लागलं नाही कशाबद्दल ते.

"थोरला म्हणाला, मतं घेऊ. राल्फशिवाय जायला जे तयार आहेत त्यांनी हात वर करा. त्या दोघांनी केला. मी नाही केला, काकू. खरंच नाही केला."

"मग?"

"मग राल्फनं केला. माझ्याकडे बघत. हसत होता. तीन हात झाले." गॉर्डननं काटा खाली ठेवला. "मग मीही केला."

एनिडनं पॅटीची बशी त्याच्याकडे आणखी सरकवली.

"राल्फ म्हणाला, आईला मी सांगतो, तुम्ही कुणी बोलायचं नाही. आम्हाला वाटलं तुम्हाला सगळं ठाऊक आहे, आणि म्हणून तुम्ही आमचं तोंड बघत नाही."

"मला वाटायचं, तुम्ही माझं बघत नाही. धुण्यामुळं."

"कसलं धुणं?"

तिनं शर्टाचं सांगितलं. गॉर्डन रडला, नाक पुसलं, म्हणाला, "काकू, धुण्याचा काहीएक संबंध नाही त्यात."

"ते तू मला शिकवू नकोस," एनिड म्हणाली. "कसायाच्या पोरांबरोबर वाढलेला तू." मग, त्याच्याकडे न बघता, "तू कधी निघणार परत?"

"सोमवारी सकाळी."

"बरं."

तेव्हापासून लांब कुठं निघाला की गॉर्डन तिला फोन करायचा. "काकू, निघतोय." ती उत्तर न देता फोन ठेवायची. निरोप द्यायचा नाही, तोही नेमच.

नोव्हेंबरातला तो सोमवार एनिडच्या आयुष्यातला शेवटचा, पण सुरू झाला तो नेहमीसारखाच. 'स्पर्न लाइट्स' अखेरच्या दौऱ्याला अमेरिकेला निघाले होते, फोन आदल्या रात्रीच आला होता. विमान आइसलँडवरून जातं, हे तिनं नऊ नंबरच्या नातवाकडून नकाशावर पाहून घेतलं होतं. चौऱ्याऐंशी वर्षांचे गुडघे, हातात काठी, कोट गळ्यापर्यंत बंद. एकेक दार वाजवत ती सांगत गेली. सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणी पाळलं, कुणी पाळलं नाही, तिनं थांबून बघितलं नाही.

शेवटचं दार अगाताचं, पोलंडहून आलेली, कडेवर पोर.

"या आजी, आत या. थंडी आहे."

"यंत्र चालू आहे ना तुझं? ऐकू येतंय."

आत कपड्यांचं यंत्र घुमत होतं. कुठलंसं बटण पत्र्यावर आपटत होतं. दोन आखूड, एक लांब.

"बाळाचे कपडे आहेत हो. आज कोण निघालंय?"

"गॉर्डन."

"तो तुमचा कोण?"

एनिडनं थोडा विचार केला. "माझ्या राल्फबरोबरचा."

अगातानं बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं, आत गेली आणि यंत्र बंद केलं. एनिड दारात कान देऊन उभी राहिली. फिरणं मंदावलं, थांबलं. मग आणखी एकदाच, उशिरानं, बटण वाजलं.

"उद्या धू," एनिड म्हणाली.

"उद्या धुते, आजी. अच्छा!" अगातानं बाळाचा चिमुकला हात धरून हलवला.

एनिड तोवर वळली होती. काठी काखेत धरून, दोन्ही हात कोटाच्या खिशात खोल घालून, ती भिंतीच्या कडेकडेनं घराकडे चालू लागली.