पेडल माझ्याकडे, डबा सासूबाईंकडे

एकाहत्तरची लढाई सुरू होती, आणि आमच्या घरात माझ्या आईवरून वेगळीच सुरू होती. आई शहपुऱ्याला, माझ्या माहेरी, अंगणात पडली आणि तिची मांडी मोडली. कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. भाऊ फौजेत, सीमेवर. शेजारीण दोन वेळचं करत होती, पण ती तरी किती दिवस करणार? आईला अधारतालला आपल्या घरी आणायचं, असं मी जाहीर करून टाकलं. तिकडून आईचा निरोप आला, की लेकीच्या घरी राहायला मी येणार नाही. इकडे सासूबाई सगळं ऐकून फक्त "अच्छा" म्हणाल्या. त्यांच्या "अच्छा"चा अर्थ लावायला लग्नानंतरची सहा वर्षं मला पुरली नव्हती.

प्लास्टरचा पाय बसमध्ये चढत नाही, म्हणून आमची जुनी काळी मोटार न्यायची ठरली. नवरा लष्करी ट्रकच्या कारखान्यात. लढाईच्या तयारीमुळे त्याला तीन आठवड्यांनी एक रविवार मिळाला होता. विमानहल्ल्याच्या भीतीने मोटारीच्या दिव्यांना अर्धा काळा रंग फासलेला, त्यामुळे अंधार पडायच्या आत परतायला हवं होतं. बारापर्यंत निघालो तर आई आज घरी येणार, नाहीतर पुढचा रविवार कधी मिळेल ते सरकारलाच ठाऊक.

हे सगळं माहीत असून सकाळी सातला नवरा म्हणाला, "एवढं लांब जायचं, तर ब्रेकचं तेल बदलून घेतो."

ब्रेक उत्तम लागत होते. पण कारखान्यात तो ब्रेकच तपासायचा, आणि ब्रेक उत्तम आहेत यावर अशा माणसाचा विश्वास बसत नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

जुनं तेल निघालं ते उकळून काळ्या झालेल्या चहासारखं होतं. त्याने इंजिनाजवळच्या छोट्या भांड्यात नवं भरलं, चारही चाकांतून वाहू दिलं, मग आत बसून पेडल दाबलं. ते भिजवलेल्या कणकेत अंगठा जावा तसं तळापर्यंत गेलं. चार-पाच वेळा भराभर दाबलं की वर यायचं, जरा थांबलं की पुन्हा मऊ. त्याने मला समजावलं की याला दोनच कारणं असतात. तेल बाहेर गळतंय, किंवा हवा आत शिरली आहे. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, म्हणून पेडल मऊ लागतं.

चारही चाकांखाली वर्तमानपत्रं पसरली. मी सगळ्या जोराने पेडल दाबून धरलं, तो एकेका नळीवरून बोट फिरवत गेला. कागद कोरडे, बोट कोरडं. म्हणजे हवा.

हवा काढायची पद्धत अशी. चाकामागे एक छोटा पोकळ स्क्रू असतो. मी पेडल दाबून धरायचं, त्याने स्क्रू सैल करायचा, तेलाबरोबर बुडबुडे निघतात. त्याने स्क्रू आवळल्यावरच मी पाय उचलायचा. आधी उचलला, तर हवा उलटी आत. "दाब." "दाबलं." "सोड." असं एक तास चाललं. आमच्या लग्नात एका दिवसात झालेला हा सगळ्यात लांब संवाद असेल. बुडबुडे संपेचनात. उलट वाढत होते.

दहा वाजता तो चाकाखालून उठला आणि म्हणाला, "तू पाय लवकर उचलून राहिली."

माझं डोकं फिरलं. "मी काहून उचलीन? माझी आई खाटेवर पडली आहे तिथं!"

"मग हवा येऊन कुठून राहिली?"

त्या क्षणी मला खरंच वाटलं की हा मुद्दाम करतोय. याला माझी आई घरात नको आहे, तोंडाने बोलता येत नाही, म्हणून ब्रेक पुढे केला आहे. ते मी बोलूनही दाखवलं. तो फडक्याला हात पुसत राहिला, म्हणून मला आणखी राग आला.

सासूबाई व्हरांड्यात तांदूळ निवडत होत्या. सूप बाजूला ठेवून त्या उठल्या आणि मोटारीच्या उघड्या झाकणाखाली वाकून पाहू लागल्या.

"हे वरचं भांडं काहून रिकामं आहे?" त्यांनी विचारलं.

"मी भरलं होतं," नवरा म्हणाला.

"भरलं होतं, आता कोरडं आहे. अभिषेकाचं पात्र एकदाच भरून चालते का? धार तुटली की वारंच येईल."

नवऱ्याने वाकून पाहिलं. तळाशी चमचाभर तेल होतं. खालून आम्ही तेल काढत होतो आणि वरून हवा ओढत होतो. कारखान्यात या कामाला तीन माणसं असतात. एक पेडलवर, एक चाकाशी, आणि एक डबा घेऊन वरचं भांडं भरत राहणारा. नवरा कायम चाकाशी.

"त्या डबेवाल्याचं तोंडही मला आठवत नाही," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुझा पाय बरोबर होता."

माफी म्हणून मी ते ठेवून घेतलं. पण मुद्दाम केल्याचा जो आरोप मी केला होता, तो मागे घेतला नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, सगळ्यात लांबच्या मागच्या चाकापासून. डबा सासूबाईंकडे. कान तुटलेल्या कपाने त्या तेल ओतत होत्या आणि मधूनच "थांब रे, भरू दे" असा हुकूम सोडत होत्या. दोन थेंब मडगार्डवर सांडले, तिथला रंग फुगून निघाला. शेवटच्या चाकातून नुसतं स्वच्छ तेल आलं, आणि पेडल माझ्या पायाखाली वरच्या वरच घट्ट थांबलं. मी तीनदा दाबून पाहिलं. नवऱ्याने गल्लीत चार वेळा गाडी थांबवून पाहिली. साडेअकरा झाले होते.

सासूबाई हात धुऊन, लुगडं बदलून मागच्या सीटवर येऊन बसल्या. त्यांना कोणी चला म्हटलं नव्हतं.

शहपुऱ्याला आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. "जावईबापू, तुम्ही उगाच त्रास घेतला," ती म्हणाली. "लेकीच्या दारात मी राहायला येणार नाही. लोक काय म्हणतील?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाई खाटेच्या कडेला टेकल्या.

"विहीणबाई, माझी आई अशीच पडली होती," त्या म्हणाल्या. "मी लोकांचं ऐकलं. तिला आणलं नाही. ती गेल्यावर लोक आले होते भेटायला."

मग आईने हळूहळू तोंड आमच्याकडे वळवलं आणि उचलून घ्यायला दोन्ही हात पुढे केले, माझ्याकडे नाही, सासूबाईंकडे.