दमा दिग्रसचा की कळंबचा?

तीस वर्षं झाली, यवतमाळात छातीचा दवाखाना चालवतोय. रुग्णाची फाईल एक दिवस बंद होते, किस्से मात्र साचतच राहतात. एका कुटुंबाने तर माझा अख्खा कप्पा अडवून ठेवलाय. नावं बदलून सांगतो, तरी दिग्रसवाले ओळखतीलच!

*

नऊ वर्षांच्या गौरीला दम लागायचा. पहिल्या दिवशी तिच्यासोबत आई सुनंदा, दिग्रसचे आजोबा दादाराव आणि आईचे वडील, कळंबचे नाना, असे सगळेच आत घुसले. तपासून झाल्यावर मी नेहमीचा प्रश्न विचारला, "घरात आणखी कोणाला दमा?"

"आमच्या खानदानात नाही," दादाराव म्हणाले. "कळंबकडचं पाहा."

"आमच्याकडे सात पिढ्यांत कोणी खोकललं नाही!" नाना कडाडले. आणि लगेच खोकलले.

मी समजावलं, की दमा जसाच्या तसा वारशात येत नाही. शरीराचा कल येतो. आईकडून येतो, बापाकडूनही येतो, आणि मग धूळ, धूर, थंडी त्याला जागं करतात. दादारावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ते ठीक आहे साहेब, पण सातबाऱ्यावर नाव कोणाचं लावता?"

*

"गौरी झोपते कुठं?" मी विचारलं.

"कापसावर!" दादाराव अभिमानाने म्हणाले. "गादीहून मऊ!"

भाव वाढेपर्यंत वेचलेला कापूस घरातच भरून ठेवायचा, ही आपल्याकडची रीतच. म्हटलं, आधी तो हलवा. पुढच्या आठवड्यात सुनंदा एकटीच आली, सासऱ्यांची तक्रार घेऊन.

"हलवला कापूस?"

"नाही जी. मामाजीनं गौरीलेच हलवलं. कळंबले पाठवली."

चौथ्या दिवशी पोरगी परत आली. नानांच्या घरीही कापूसच होता! शेवटी सुनंदानेच सासऱ्यांना बजावलं, "मामाजी, घरात एक तर कापूस झोपन, नाही तर माही पोरगी!" त्याच दिवशी कापूस गोठ्याशेजारच्या खोलीत गेला.

घरात बिडी ओढू नका, असंही मी दादारावांना सांगितलं होतं. त्यांनी ते तंतोतंत पाळलं. बाहेर जाऊन ओढायचे, गौरीच्या खिडकीखाली उभं राहून!

*

एका सोमवारी दादाराव एकटेच आले. आवाज खाली. "साहेब, मले बी पायऱ्या चढताना दम लागून राह्यला. पण कळंबवाल्यायले सांगू नका."

दमाच होता. मी औषध दिलं, बिडी बंद करायला लावली आणि पंप शिकवला. हलवा, श्वास सोडा, दाबत ओढा, मग तोंड मिटून दहापर्यंत मोजा. दादारावांचं तोंड चारवरच उघडायचं. तेवढ्यात त्यांना काहीतरी आठवायचंच.

गुरुवारी नाना आले. तेही एकटे. "डॉक्टरसाहेब, दिग्रसवाल्यायले कळू देऊ नका!"

तेव्हापासून एकाला सोमवार, एकाला गुरुवार. इतकं हसू पोटात ठेवायची मला सवय नव्हती.

*

हिवाळ्यात गौरीने विचारलं, "डॉक्टरकाका, मी शाळेच्या शर्यतीत पळू का?"

"नाही!" दोन्ही आजोबा एका सुरात ओरडले. व्याह्यांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट.

गौरीचे डोळे भरले. मला वाईट वाटलं आणि रागही आला. "पळेल ती," मी म्हटलं. "रोजचं औषध चुकवायचं नाही, आधी अंग गरम करायचं, पंप जवळ ठेवायचा."

शर्यतीला मी मुद्दाम दिग्रसला गेलो. शिट्टी वाजली. गौरी सुटली, आणि दोरीबाहेरून दोन्ही म्हाताऱ्यांनीही धूम ठोकली! नातीसाठी की एकमेकांना मागे टाकायला, देव जाणे.

गौरी तिसरी आली. धापा टाकत होती, पण छातीत घरघर नव्हती. मला इतका आनंद झाला, की मी टाळ्या वाजवत सुटलो.

घरघर पलीकडून येत होती. दोघांनी एकमेकांकडे पाठ केली, खिशात हात घातला आणि निळा पंप तोंडाकडे नेला.

"आबा, आधी हलवा!" गौरी ओरडली. "नाना, तुम्ही बी!"

दोघं गर्रकन वळले. एकमेकांच्या हाताकडे बघतच राहिले. मग निमूटपणे पंप हलवले, दाबले, ओढले.

गौरी मोजू लागली. एक, दोन, तीन, चार... दादाराव गप्प! आठ, नऊ, दहा.

"साहेब," दादारावांनी श्वास सोडला, "सातबाऱ्यावर दोघायचं बी नाव लावा."