उपग्रहावरची बारी

चुलत बहिणीबरोबर एकाच वर्गात शिकणं म्हणजे रोज थोडं थोडं जळणं. अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही दोघी शेवटच्या वर्षाला होतो आणि सेमिनारचा विषयही एकच मिळाला: एका उपग्रहावरून अनेक केंद्रांनी एकमेकांत न मिसळता कसं बोलायचं. जिचं चांगलं होईल तिला सर पुण्याच्या स्पर्धेला पाठवणार होते. मला जायचं होतं, आणि त्याहून जास्त म्हणजे ती जायला नको होती.

मी आधी बोलले. प्रत्येकाला वेगळी फ्रिक्वेन्सी द्या, किंवा एकच फ्रिक्वेन्सी आळीपाळीनं वापरा, नाहीतर वेगवेगळे कोड देऊन सगळ्यांना एकदम बोलू द्या. स्लाइडमागून स्लाइड, सूत्रामागून सूत्र. मागच्या बाकावर जांभया सुरू होत्या.

मग ती उठली आणि तिनं फळ्यावर विहीर काढली. ओझरजवळची आमची, दोन्ही घरांची सामाईक विहीर. मोटर एक, वावरं दोन, म्हणून पाण्याच्या बाऱ्या ठरलेल्या. मोटर बंद केली तरी पाटातलं पाणी वाहत राहतं, म्हणून दोन बाऱ्यांच्या मध्ये थोडा वेळ मोकळा सोडायचा. लांबच्या केंद्राचा सिग्नल उशिरा पोचतो, तिथंही असाच वेळ सोडतात. सर खुर्चीत पुढं सरकून ऐकत होते. ते पाटातलं पाणी मीही लहानपणापासून बघत आले होते, मला का नाही सुचलं? अंगाचा नुसता तिळपापड झाला.

सरांनी "कुणाला प्रश्न?" म्हणताच मी हात वर केला. "एखादं केंद्र बंदच पडलं, तर त्याची बारी कोण लाटतं?"

मुद्दामच विचारलं. मागच्या कांद्याच्या हंगामात माझे वडील मंचरला दवाखान्यात होते, आई त्यांच्यापाशी, मी होस्टेलवर. आमच्या बारीचं पाणी हिच्या घरच्यांनीच आपल्या वावरात वळवलं असणार, अशी माझी खात्री होती.

एवढा वेळ पुस्तकी भाषेत बोलणारी ती एकदम घरच्यासारखी बोलली. "लाटायचं कशाला? काका दवाखान्यात व्हते तवा तुमच्या बारीला मोटर आमीच चालू करायचो. पाणी तुमच्याच कांद्याला सोडायचो. काकूनं सांगितलं न्हाई तुला?"

कांदा आला होता. कसा आला, ते मी कधी विचारलं नव्हतं.

सरांनी तिथंच तिची निवड सांगून टाकली. त्याचं वाईट वाटलंच. पण तिचा राग करायला माझ्याकडं एवढं एकच खरं कारण होतं, तेही तिनं सगळ्यांसमोर काढून घेतलं. आता नुसता हेवा उरलाय.