थरथर हँडलची होती, अक्कांच्या हातांची नव्हे

मंडळी, आज मान खाली घालून लिहितोय.

पायाने अधू असलेल्या पद्माअक्का सकाळी आपली तीनचाकी मोटारसायकल घेऊन माझ्या गॅरेजवर आल्या. "हँडल थरथरतंय रे!" मी नेहमीसारखा गाडीला कान लावला. कुठेच आवाज नाही. चारचौघांत हसत म्हणालो, "अक्का, गाडी ठणठणीत आहे. हात तुमचे थरथरतायत."

दुपारी त्यांचा मुलगा चावी घेऊन आला. "मामा, विकून टाका. अम्मा आता चालवणार नाही म्हणते."

गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी चालवून पाहिली, तर हँडल माझ्याच हातांत थरथरलं! पुढचं चाक उचलून हलवलं. स्टिअरिंगचं बेअरिंग सैल होतं, पण त्याला आवाजच नव्हता.

दुरुस्त करून गाडी घरी नेली. अक्कांनी दोन्ही हात पुढे केले. "मग हे बरे आहेत ना रे?"

मी चावी त्या हातांत ठेवली. तुम्ही काय म्हणाला असता?