चालू राहिलेला वर्ग

गाड्यांचे पोचे काढणाऱ्या या माणसाला सगळे 'हातोडा' म्हणत. पोरीला ताप आला की कामावर न जाता तिच्या उशाशी बसणारा हा माणूस. पण राग चढला की समोर पत्रा आहे की पोर, याचे भान त्याला उरत नसे. मागच्या खेपेला त्याने तिला दारावर आपटले. दात पडला. बायकोने तो दात धुऊन त्याच्या ताटात ठेवला.

"पुन्हा हात उचललात तर हिला घेऊन दादाकडे जाईन. परत यायची नाही."

म्हणून तो दर शनिवारी फोन डब्याला टेकवून पालकांच्या ऑनलाइन वर्गाला बसू लागला. वयात येणाऱ्या मुलांशी कसे वागावे, ते एक बाई शिकवत. राग आला की आधी पाणी प्या, त्या सांगत. तो खरोखर प्यायचा.

"आपली टाकी बाबाच रिकामी करतात," मुलगी म्हणे. तोही हसे. पुष्कळ दिवस हात उठला नाही.

त्या शनिवारी वर्ग चालू असतानाच ती उशिरा घरी आली.

"कुठे उंडारत होतीस?"

"मैत्रिणीकडे. आईला सांगून गेले होते. बाबा, आधी पाणी प्या."

चार लोकांत पोरीने अक्कल शिकवली, हे त्याला झोंबले. त्याने फोनचा आवाज पार खाली नेला. वर्ग बंद झाला असे समजून कमरेचा पट्टा काढला.

पहिला फटका पाठीवर बसला. दुसरा तिने आडव्या धरलेल्या हातावर, कातडी फाटली. केसाला धरून त्याने तिला भिंतीवर ढकलले. शिवणयंत्रावरून उठून बायको मध्ये पडली, तेव्हा तिसरा तिच्या गालावर उमटला.

मुलीने रक्ताळलेल्या हाताने फोन दाखवला. पडद्यावर चौकटीचौकटीतून माणसे तोंड उघडून ओरडत होती. एक म्हातारे गृहस्थ दोन्ही हात जोडून उभे होते.

"बंद केलाय मी," तो म्हणाला.

"तुम्हाला ऐकू येत नाही एवढंच. त्यांनी सगळं ऐकलंय."

तिने आवाज वाढवला. एकच गलका झाला, मग बाईंचा आवाज आला, "ताई, मुलीला घेऊन आधी बाहेर पडा."

बायकोने पोरीच्या हाताला ओढणी गुंडाळली. दोघी निघाल्या, तर हा दारात उभा.

"अहो, सरका."

तो हलेना. पट्टा अजून मुठीतच होता. फोनकडे बघत त्याने विचारले, "बाई, आता काय करू?"

"दारातून बाजूला व्हा."

तो बाजूला झाला.