अण्णांचा काळा

वत्सला गेल्याची वार्ता आली तेव्हा माझ्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती. आदल्याच दिवशी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती आणि धुराजवळ जाण्यास डॉक्टरांची मनाई होती. त्यामुळे सख्ख्या मावसबहिणीला अखेरचा निरोप द्यायला मी जाऊ शकलो नाही. घरची सारी माणसे गावातच विजयनगर वस्तीत तिच्या घरी गेली. मी देवापुढे एकटाच बसून राहिलो... नामस्मरण करू म्हटले, तर तेही ओठांवर येईना.

आमच्या लहानपणी माझ्या वडिलांकडे मुलगे संस्कृत शिकायला येत. वत्सला दाराआड बसून ऐके. तिला विभक्ती नको असत, संधी नको असत. तिला हवी असत ती कोशातील रंगांची नावे. पाटल, कपिश, पिशंग, धूम्र... हे शब्द ती चिंचेच्या बोटकासारखे चघळत घरभर फिरे आणि प्रत्येकाचा अर्थ मला विचारी. पुढे ती शाळेत चित्रकला शिकवू लागली. निवृत्त झाल्यावर, ज्या वयात इतर बायका वाती वळतात त्या वयात, तिने ज्योतीवर काचेचे मणी करण्याची विद्या आत्मसात केली. गॅसच्या निळ्या ज्योतीत काचेची कांडी मधासारखी पातळ होई. ती पोलादी तारेवर घेऊन वत्सला अखंड फिरवत राही. तयार मणी गरम राखेत पुरून ठेवावा लागे. "त्याला सावकाश निवू द्यायचं, अण्णा. घाई केली की तडकतो," असे ती सांगे. दर रविवारी तिच्या खोलीत मणी करणाऱ्या चार-पाच बायका जमत. हुणसूरच्या शिंपी घराण्यातली रुक्मिणी तर पहाटेची बस धरून येई. दूरदेशीचे मणीकार मोबाईलवरून त्यांना जोडलेले होते. रंग कसा साधला, हे त्या मंडळींत कुणी कुणापासून लपवत नसे.

गुरुवारी संध्याकाळी वत्सला कापसात गुंडाळलेले मणी घेऊन माझ्याकडे येई. मी शब्द सांगावा आणि तिने तो डबीवर लिहावा, असा नेम होता. पाटल झाला, कपिश झाला, एकेक करीत बालपणीचे सारे शब्द काचेत उतरले. राहिला फक्त श्याम. श्याम म्हणजे निव्वळ निळा नव्हे आणि काळाही नव्हे. पाण्याने ओथंबलेल्या मेघाचा, भगवंताच्या अंगकांतीचा तो वर्ण. दोन वर्षे ती त्याच्यामागे होती आणि दोन वर्षे मी एकच उत्तर देत होतो.

"काळा आहे, वत्सला."

"अय्यो, काळा कुठला? स्वल्प खिडकीशी धरून बघा की!"

"खिडकीशी धरल्याने काळ्याचा श्याम होत नाही."

"होईल कसा? तुमच्या व्याकरणात सूत्र नसेल त्याला." ती हसली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "रुक्मिणीला तर निळा दिसतो हो."

"रुक्मिणीला शिवण येते. संस्कृत येते का?"

मणी कापसात गुंडाळून वत्सलाने पिशवीत ठेवला. त्यानंतर ती आली नाही. तीच आमची शेवटची भेट ठरली.

महिन्याभराने डॉक्टरांनी मोकळीक दिली, तेव्हा मी तिच्या घरी गेलो. मैत्रिणी काचेच्या कांड्या वेगळ्या करीत होत्या. रुक्मिणीने मला खुर्ची दिली आणि एक डबी पुढे ठेवली. झाकण उघडले... आत मेघ होते. दोन वर्षांत मी परत पाठविलेला मणी न् मणी तिने जपून ठेवला होता आणि त्यांतला एकही काळा नव्हता. ढळढळीत दुपारच्या उजेडात माझ्या नव्या डोळ्याला तो खोल, ओला निळा स्वच्छ दिसत होता. मोतीबिंदूचा पिवळट पडदा दोन वर्षे तो निळा गिळत आला होता आणि मी मात्र कोशाचा दाखला देत बसलो होतो.

"तिला ठाऊक होतं?" मी विचारले.

रुक्मिणी चाचरली. "होतं की, अण्णा. तुमच्या सुनेला डोळ्याच्या डॉक्टराचं कुणी सांगितलं म्हणता? ताईनेच. तुम्हाला मात्र सांगू नका म्हणाली. 'डोळे गेले म्हटलं तर अण्णा पोथी वाचायचे सोडतील. माझा मणी काळा तर काळा.' ते आमच्यात नावच पडून गेलं बघा. हा रंग आम्ही सगळ्याजणी करतो, परदेशातल्या बायकासुद्धा. 'अण्णांचा काळा' म्हणतो. राग मानू नका... आता श्याम लिहू का डबीवर?"

माझ्या अहंकाराला इतक्या मायेने कुणी झाकले नव्हते. ज्या रुक्मिणीला मी अडाणी ठरविले होते, तिच्यापुढे मी हात जोडले.

"नको," मी म्हणालो. "तिने ठेवलेले नाव आहे. तेच राहू दे."

एक मणी मी मागून घेतला. घरी आल्यावर सुनेने तो हातात घेऊन विचारले, "किती सुंदर! कोणता रंग म्हणायचा हा, मामंजी?"

"काळा," मी म्हणालो.

शस्त्रक्रिया फसली की काय, अशा काळजीने ती माझ्या डोळ्याकडे पाहू लागली. तिला समजावून सांगावे असे क्षणभर वाटले... पण या रंगावरून माझ्याशी भांडणारे माणूस आता उरलेले नाही.