सरूमावशीचा रिकामा पाळणा

माझी ताई बाळंतपणात गेली तेव्हा तिच्या मुलीचं नावही ठेवायचं होतं. दिवसकार्य झाल्यावर दाजींनी बाळ आमच्या आईच्या ओटीत घातलं आणि ते कामावर परत गेले. आमचं घर म्हणजे नाशिकच्या एका वस्तीतली पत्र्याची खोली. आई गंगापूर रोडला धुणीभांडी करायची. वडील मनमाडला मालधक्क्यावर हमालीला असायचे, घरी यायचे ते रविवारी. मी कॉलेजला होते. आमच्या घराण्यात तिथवर पोचलेली पहिली मीच, हे मी आजही ताठ मानेने सांगते. पण अंगावरच्या दुधाशिवायचं मूल, त्याला बाटलीने पाजायला दिवसभर कुणी हवं. ते जगेल असं वस्तीत कुणाला वाटत नव्हतं.

शेवटच्या खोलीत सरूमावशी राहायची. निफाडकडची, एकटी. तिच्या आढ्याला लाकडी पाळणा टांगलेला होता आणि त्यात मूल नव्हतं. तरी ती दुपारभर खाली बसून त्याची दोरी ओढायची. रिकामा पाळणा हलवू नये, मूल दगावतं, असं आमच्याकडे सगळेच मानतात. तिच्या दारावरून जाताना बायका पोरांना पदराखाली घ्यायच्या.

ती स्वतःच आमच्या दारात आली. "पोरीला कालिजात जाऊ दे," आईला म्हणाली. "बाळ मी पाजते."

आईपुढे दुसरा इलाज नव्हता.

पाण्याचं आणि पावडरीचं माप मी डब्यावरून वाचून दाखवायचे. मावशी बाटली आणि निपल उकळून घ्यायची, दुधाचा थेंब मनगटावर टाकून बघायची. मग बाळाचं, आमच्या गुड्डीचं, डोकं कोपरावर उंच घेऊन, तिला अर्धवट बसवल्यासारखं धरून, बाटली थोडीच कलती करायची. "पाजायचं म्हंजी वतायचं नाय," ती म्हणायची. "दूध तिनं वढायचं. आपण फकस्त धरायचं." उरलेलं दूध सरळ मोरीत. "उष्टं दूध पोटात जाऊन भांडतं."

हे सगळं ठीक होतं. पण पाजताना पाळण्याची दोरी तिच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली असायची. गुड्डी पीत असायची आणि समोर तो रिकामा पाळणा कुरकुरत हलत असायचा. मधेच मावशी बाटली खाली घ्यायची, पाळण्याकडे बघायची आणि हळूच विचारायची, "झालं का?" थोडं थांबायची. कुणीतरी उत्तर दिल्यासारखी मान हलवायची आणि मग पुन्हा पाजायची. शेवटी बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर येईपर्यंत पाठ चोळायची. भर दुपारी माझ्या अंगावर काटा यायचा. गुड्डी मात्र शांत प्यायची, तिला कधी उलटी झाली नाही.

एकदा आई लवकर आली. दारातून तिने तो हलता पाळणा आणि अंगठ्याची दोरी पाहिली आणि बाळ उचलून घेतलं.

"सरूबाई, एक गेली माझी. दुसरी नाय द्यायची मला."

मावशी वाद घालत बसली नाही. बाटली पदराने पुसून तिने आईच्या हातात दिली. "उशीला टेकवू नको," एवढंच म्हणाली.

आईने काम सोडलं आणि बाळ घरी ठेवलं. पण घर, धुणं आणि बाळ, सगळ्याला एकटी बाई कशी पुरणार? एका दुपारी मी कॉलेजहून गल्लीत शिरत होते. आई नळावर लंगोट धूत होती. आणि मावशी, केस सुटलेले, अनवाणी, धावत आमच्या खोलीत शिरली. मी मागोमाग गेले. गुड्डी खाटेवर उताणी होती, बाटली घडी केलेल्या गोधडीला टेकवलेली. नाकातोंडातून दूध आलेलं, ओठ निळे. रडण्याचा आवाज नाही, कसलाच आवाज नाही.

मावशीने तिला हातावर पालथं घेतलं, डोकं खाली केलं आणि पाठीवर तळव्याने थापट्या मारल्या. पुन्हा मारल्या. मग गुड्डी रडली.

आई ओल्या हातांनी दारात उभी होती. "मी तर नळावरच होते. मला ऐकू नाय आलं. तुला कसं कळलं?"

"पाळणा थांबला," मावशी म्हणाली. "मी दोरी वढत व्हते. वरून कुणी धरल्यावानी थांबला."

मग तीच म्हणाली, "माझ्या लेकराला बी मी बाटली अशीच उशीला टेकवून दिली व्हती. भाकरी थापत व्हते. त्यानं बी आवाज नाय केला."

आम्ही गुड्डीला डॉक्टरांकडे नेलं. छाती साफ आहे म्हणाले. परत आलो तर आई आमच्या दाराशी थांबलीच नाही. ती सरळ शेवटच्या खोलीत गेली, बाळ मावशीच्या मांडीवर ठेवलं आणि पाळण्याखाली बसली.

"पाज तू," आई म्हणाली. "दोरी मी धरते."

गुड्डी पेल्याने दूध प्यायला लागली त्या हिवाळ्यात सरूमावशी गेली. पाळणा तिचे भाचे निफाडला घेऊन गेले. आढ्याला नुसत्या कड्या राहिल्या. तरी दुपारी त्या कुलपाच्या खोलीतून कुरकुर ऐकू येते. वारा म्हणावं, तर मे महिन्यात पानसुद्धा हलत नाही. गुड्डी तिथे थांबते, दाराच्या फटीतून बघते आणि विचारते, "झालं का?" हे तिला घरात कुणी शिकवलेलं नाही. ती थोडं थांबते, मान हलवते आणि खेळायला पळते. आई तिला ओढून आणत नाही.

मी बी.ए. झाले. गुड्डी जगली, आणि यंदा पहिलीत गेली.